अण्णांच्या एफडीसाठी कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट काढलं, साडेपाच महिन्यांचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

अण्णा, म्हणजे माझे वडील, सप्टेंबर 2024 मध्ये गेले. हा रिव्ह्यू कुठल्या दुकानाचा नाही, आमच्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट (मयताचे बँकेतले पैसे वगैरे वारसांना काढता यावेत म्हणून कोर्ट देतं तो कागद) काढलं त्या सगळ्या कामाचा आहे, कारण मी शोधत होते तेव्हा असं सविस्तर कोणी लिहिलेलं सापडलं नाही आणि त्यामुळे आमचे सुरुवातीचे दोन महिने नुसते वाया गेले.

झालं असं की अण्णांच्या दोन एफडी होत्या, एकीला दादा नॉमिनी होता आणि दुसरीला नॉमिनीच नाही. ती दुसरी मोठी होती. बँकेत गेलो तर काउंटरवर म्हणाले वारस दाखला आणा. तलाठ्यांकडे गेलो तर ते म्हणाले मी सातबाऱ्याला वारस नोंद करतो, बँकेचा दाखला माझ्याकडे नसतो, तहसीलला बघा. तहसीलला गेलो तर सेतूत प्रतिज्ञापत्र करून दिलं, ते घेऊन बँकेत गेलो तर हे चालत नाही, कोर्टाचं आणा. आईला घेऊन तीन वेळा एसटीने गेलो हो, सुतकातून नुकती उठलेली बाई, आणि एकाही माणसाने बसवून सांगितलं नाही की "वारस दाखला" या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी बोलतात.

तर मी सांगते. शेतजमीन असेल आणि भांडण नसेल तर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज, कोर्टात जायची गरज नाही. मुंबई रेग्युलेशन 1827 चं आहे त्याच्याखाली कोर्ट जो दाखला देतं तो वारस कोण हे ठरवणारा, घर, फ्लॅट वगैरेसाठी बहुतेक तोच मागतात. आणि बँकेतले पैसे, शेअर्स, म्हणजे मयताचं येणं वसूल करायचं असेल तर इंडियन सक्सेशन ॲक्ट 1925 खालचं सक्सेशन सर्टिफिकेट. आम्हाला हे तिसरं लागणार होतं. बँकेत आधी एवढंच लेखी मागा की कुठल्या कायद्याखालचा कागद पाहिजे, तोंडी ऐकून पळू नका.

वकील आम्हाला ओळखीतून मिळाल्या, वयाने लहानच. पहिल्या दिवशी वंशावळ लिहायला बसल्या, आई, दादा, मी असं सांगून झालं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "अण्णांच्या आई हयात आहेत का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आजी 84 वर्षांची, गावाला काकांकडे असते. तिचं नाव तोपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं, बँकेने नाही, सेतूवाल्याने नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही पण नाही. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे माणूस मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगा, मुलगी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, आणि अण्णांची स्वतःची कमाई म्हणून चौघांना सारखा हिस्सा. आजीला वगळून अर्ज केला असता तर चुकीची माहिती देऊन घेतलं म्हणून कोर्टाने सर्टिफिकेट रद्दही केलं असतं. त्याहून मोठं म्हणजे तिच्यावर अन्याय झाला असता, आणि तिला कळलंही नसतं.

आजीला कोर्टात आणलं तेव्हा वकीलबाईंनी ना हरकतीचं शपथपत्र तिला मराठीत सगळं वाचून दाखवलं, दोनदा, तुमचा पण हक्क आहे आजी, नको वाटलं तर सही करू नका असंही सांगितलं. आजी म्हणाली माझ्या लेकाचा पैसा सुनेला मिळू दे, ती एवढी वर्षं त्याच्यामागं राबली. मग अंगठा दिला. मी त्या बाईंना यासाठी पाच स्टार देते.

पुढचं काम म्हणजे वाट बघणं. अर्ज नोव्हेंबरमध्ये दाखल झाला, मग पेपरात जाहीर नोटीस, हरकतीसाठी मुदत, मग तारखा. आमच्या दोन तारखा साहेब रजेवर म्हणून गेल्या. सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळतो तो नंबर) मिळाला की ई-कोर्टच्या ॲपवर पुढची तारीख दिसते, उगाच हेलपाटा पडत नाही, हे मला जानेवारीत कळलं. आईची साक्ष शपथपत्रावर झाली, ओरिजिनल कागद साहेबांनी स्वतः बघितले, आणि अण्णांच्या नावाचा घोळ तिथे निघाला, मृत्यू दाखल्यावर आधारप्रमाणे पूर्ण नाव आणि एफडीच्या पावतीवर घरचं नाव. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं वेगळं शपथपत्र द्यावं लागलं, त्यात एक तारीख गेली. तुमच्या घरात असं असेल तर आधीच जोडून द्या.

खर्च सांगते. कोर्ट फी रकमेच्या हिशोबाने लागते त्यामुळे प्रत्येकाची वेगळी, वकिलांची आमची पंधरा हजार, पेपरची नोटीस वेगळी. शपथपत्रासाठी एक जण बाहेर स्टॅम्प पेपर घ्या म्हणून मागे लागला होता, कोर्टात आणि शासकीय कामाला द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, घेऊ नका.

एप्रिल 2025 च्या शेवटी ऑर्डर झाली, आईच्या नावाने. आई बाहेर बाकावर बसून रडली.

एक स्टार कापला तो माहितीसाठी. अर्जासोबत जी यादी लागते त्यात प्रत्येक एफडी, शेअर नंबरसकट लिहावं लागतं, आणि यादीत नाही ते सर्टिफिकेटमध्ये नाही. अण्णांचे एका कंपनीचे थोडे जुने शेअर्स नंतर कपाटात सापडले. त्यासाठी आता सर्टिफिकेटची व्याप्ती वाढवून घ्यायचा वेगळा अर्ज करावा लागतोय, कलम 376 खाली, म्हणजे परत फी परत तारखा. फाइलिंगच्या खिडकीवर एवढी एक सूचना मराठीत चिकटवली तरी किती बायाबापड्यांचे हेलपाटे वाचतील. तोवर तुम्ही अर्जाआधी कपाटं, जुन्या डायऱ्या, पोस्टाची पुस्तकं सगळं उपसा.

आणि दादा नॉमिनी असलेली एफडी बँकेने त्याला दिली, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, 1984 साली सुप्रीम कोर्टाने एलआयसीच्या पॉलिसीबाबत हे सांगितलंय आणि 2023 मध्ये शेअर्सबाबतही तेच. दादाला हे कळल्यावर त्याने स्वतःहून चौघांचे हिस्से काढले, मला मागावं लागलं नाही. आईच्या नावावर आलेल्या पैशाचंही तसंच आहे, सर्टिफिकेट फक्त वसुलीचा अधिकार देतं, हिस्से आपले आपण ठरवायचे.

सातबाऱ्याची वारस नोंद शासनाच्या जिवंत सातबारा मोहिमेत (मयतांच्या जागी वारसांची नावं लावायची मोहीम) झाली, खरं तर तीन महिन्यांत कळवायचं असतं, आम्ही उशीर केला होता. तिथे मात्र आम्हीच पहिल्या ओळीत आजीचं नाव लिहून दिलं.

कोणाला कागदांची यादी हवी असेल तर विचारा, माझ्याकडे फोटो आहेत. ऑर्डरच्या चार सर्टिफाइड कॉप्या एकदमच मागून घ्या, मी एकच घेतली होती.