मेटच्या संकेतस्थळावरचा विमलकीर्ती: पाहायला उत्तम, छापताना जपून

वैशालीचा लिच्छवी उपासक विमलकीर्ती आजारी पडतो. आजार मुद्दाम घेतलेला, समाचाराला येणाऱ्यांना धम्म सांगता यावा म्हणून. त्याच्यापुढे आपला टिकाव लागत नाही हे ठाऊक असल्याने बुद्धांचे थोर शिष्यही जायला कचरतात. शेवटी बोधिसत्त्व मंजुश्री निघतो. या भेटीने चिनी चित्रकारांना शतकानुशतकं विषय पुरवला. चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांत ती रंगीत आणि भव्य आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन (मेट) संग्रहालयातली चित्रकार वांग झेनपंगची 1308 सालची गुंडाळी मात्र रेशमावर शाईने केलेली. युआन राजवटीचा युवराज आयुर्बरवाडा, म्हणजे पुढचा सम्राट रेनझोंग, याच्या आज्ञेवरून त्याने ती जिन राजवटीतल्या मा युनचिंगच्या चित्रावरून काढली.

उजेडाने रेशीम खराब होतं, त्यामुळे अशा गुंडाळ्या दालनात मोजकाच काळ मांडतात. म्हणूनच मेटचा ऑनलाइन संग्रह मोलाचा. संग्रहालयाने 2017 पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना फुकट खुल्या केल्या आहेत. परवानगीची कटकट नाही.

अडचण आकाराची आहे. गुंडाळी सुमारे 39 सेंमी उंच आणि 218 सेंमी लांब. उभ्या धरलेल्या मोबाइलवर अख्खं चित्र जेमतेम सव्वा सेंमी उंचीची पट्टी होते, आणि तेवढ्यावर मत बनवणं अन्याय आहे. लॅपटॉपवर चित्राची उंची पडद्याच्या उंचीइतकी होईपर्यंत मोठं करा. रुंद पडद्यावर मग साधारण 69 सेंमीचा भाग दिसतो. हातात गुंडाळी धरणाराही एका वेळी जवळपास एवढाच भाग उलगडतो. उजवीकडून डावीकडे सरका.

ही पद्धत बाइमियाओ, म्हणजे रेघेची. छायाप्रकाश नाही, रंगांचा आधार नाही. वस्त्राचं वजन, म्हाताऱ्या चेहऱ्याची शिथिल कातडी, सगळा भार कुंचल्याच्या दाबावर. एखादी चुणी निवडा आणि रेघ कुठे जाड होते, कुठे निमुळती होत संपते, ते शेवटपर्यंत पाहा. वांगचा लौकिक पट्टीने आखलेल्या राजवाड्यांच्या चित्रांसाठी, पण इथली मोकळी रेघ त्याहून सरस वाटते. ही कथा सांगणाऱ्या विमलकीर्तीनिर्देश या बौद्ध सूत्रात देवकन्या फुलं उधळते. ती बोधिसत्त्वांच्या अंगावरून घसरतात, बुद्धांचा शिष्य शारिपुत्र याला मात्र चिकटून बसतात. हा प्रसंग माहीत असेल तर चित्र दुप्पट बोलतं. अद्वयावर, म्हणजे दोनपणा नसण्यावर, 31 बोधिसत्त्व बोलतात, मग मंजुश्री, आणि विमलकीर्ती गप्प राहतो. मौन कसं रंगवायचं, हाच चित्रकाराचा खरा कस. वांगचा स्वहस्ताक्षरातला मजकूरही वगळू नका. आज्ञेची हकिगत त्यातच आहे.

संकेतस्थळावरची माहिती इंग्रजीत आणि आटोपशीर आहे. सूत्राची तोंडओळख नसलेल्याला ती अपुरी पडेल.

छपाईत बहुतेक जण फसतात. फाइल 4,000 पिक्सेल रुंद असेल, तर मूळ लांबीवर इंचाला जेमतेम 46 पिक्सेल येतात आणि रेघा फुटतात. इंचाला 150 पिक्सेल धरले तर 68 सेंमी लांब, 12 सेंमी उंच प्रत चांगली निघते. त्याहून मोठी हवी असेल तर संपूर्ण पट्टी ताणण्यापेक्षा तपशिलाची वेगळी प्रतिमा घ्या. दुकानात ऑटो करेक्शन बंद करायला सांगा. ते रेशमाचा तपकिरी रंग पांढरा करायला जातं आणि बारीक रेघा आधी उडतात. कागद मॅट घ्या, ग्लॉसी नको: चकाकीत फिकट शाई दिसेनाशी होते.