तांब्याचा म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर गळ्यात मारला, दोन कार्डांचा लूप लावणाऱ्यांनी सावध राहा

कस्टम वॉटर कूलिंगचं, म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायची सिस्टिम स्वतः जोडायचं, सामान ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय, त्यातही दोन ग्राफिक्स कार्डं एकाच लूपमध्ये (पाणी फिरत राहतं त्या नळ्यांच्या फेऱ्यात) घ्यायचा विचार असलेल्यांसाठी, कारण मला ज्याने फसवलं तो विक्रेता नेमक्या अशाच लोकांना गाठतो. दोन कार्डं म्हटली की रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) जास्त, फिटिंग जास्त, डोक्याला ताप जास्त, आणि अशा वेळी कोणी म्हणालं की तुम्ही फक्त केस आणि कार्डाचं मॉडेल सांगा, प्लॅनिंगपासून सगळा सेट मी देतो, तर ते बरंच वाटतं.

माझं काम रेंडरिंगचं आहे, दोन आरटीएक्स ३०९०. एका कार्डाला कंपनीने दिलेली पॉवर ३५० वॅट, म्हणजे दोघांची मिळून ७०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि प्रोसेसर वेगळाच. एअर कूलरवर वरच्या कार्डाला खालच्याची गरम हवा मिळत राहते, शिवाय ३०९० ची मेमरी बोर्डाच्या दोन्ही बाजूंना आहे, २४ चिपांपैकी १२ पाठीमागे, आणि त्या मागच्या भयंकर तापतात. त्यामुळे वॉटर कूलिंग ही हौस नव्हती, गरज होती.

त्याने पाठवलेला प्लॅन बघून कोणालाही विश्वास वाटला असता. ३६० मिमीचे दोन जाड रेडिएटर, दोन्ही कार्डांना निकेल प्लेटिंगचे तांब्याचे फुल कव्हर ब्लॉक (कार्डावर बसून त्याची उष्णता पाण्यात देणारे), डी५ पंप, कार्डं पॅरलल जोडलेली, म्हणजे पाणी दोघांत वाटून जाणार. मी विचारलं की सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडली तर दुसऱ्या कार्डाला पहिल्याचं तापलेलं पाणी जाईल ना, तर म्हणाला मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर ३५० वॅटचं कार्ड ते पाणी जेमतेम सव्वा अंशाने तापवतं, त्याने काही बिघडत नाही. हिशोब करून बघा, अगदी बरोबर येतो. ज्याला एवढं कळतं त्याला आपण विकतोय त्या रेडिएटरचा धातू कळत नाही हे मला पटत नाही, म्हणून मी याला चुकून झालं असं म्हणत नाही, ही सरळ फसवणूक आहे.

रेडिएटर तांबं-पितळेचाच हवा हे मी चॅटमध्ये स्पष्ट विचारलं होतं. त्याने लिहून दिलं "फुल कॉपर", वर एक व्हिडिओ पाठवला, त्यात तो रेडिएटरला लोहचुंबक लावतोय आणि चिकटत नाही हे दाखवतोय. आता यातली मेख बघा, चुंबक तांब्याला चिकटत नाही तसा ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. लोखंड नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं, जे कोणी विचारलंच नव्हतं! माल हातात आल्यावर मी पोर्टमध्ये (नळी जोडायच्या भोकात) बघितलं तर आटे पिवळे, पितळेचे. नंतर कळलं की फक्त पोर्टला पितळेची बुश (छोटी कडी) बसवलेली होती, आतलं सगळं ॲल्युमिनियम.

आणि सुरुवातीला काहीच कळत नाही, कारण ॲल्युमिनियम पण उष्णता चांगली वाहतं आणि एवढ्या मोठ्या रेडिएटरवर तापमान दोन्ही धातूंत जवळपास सारखंच येतं. लूप भरला, टेम्परेचर मस्त, सगळं छान. त्रास पाण्यातून होतो. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो, त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक फिन्समध्ये (पातळ पात्यांमध्ये) अडकतो. असंच चालू राहिलं तर रेडिएटरला भोक पडून पाणी थेट कार्डावर.

माझ्याकडे खूण अशी दिसली की आधी दोन्ही कार्डं एकाच तापमानाला चालायची, मग एक हळूहळू वर सरकायला लागलं आणि दुसरं जागच्या जागी. पॅरललमध्ये असं होतं कारण एक ब्लॉक तुंबला की पाणी मोकळ्या वाटेने दुसऱ्याकडे जास्त जातं. विक्रेत्याला सांगितलं तर म्हणे लूपमध्ये हवा आहे, बुडबुडे निघायला वेळ लागतो, केस तिरकी करा, पंप फुल स्पीडला ठेवा, अजून थोडं थांबा. आणि या थांबा-थांबामध्ये साइटवर तक्रार करायची मुदत निघून गेली, मला नाही वाटत तो योगायोग होता.

शेवटी ब्लॉक उघडला. फिन्सवर पांढरट-करड्या रंगाचा बुळबुळीत थर, नखाने ओढला तर साचलेल्या साबणासारखा निघत होता. मग रेडिएटरच्या कोपऱ्यातल्या एका फिनवरचा काळा रंग ब्लेडने खरवडला, खाली लालसर काहीच नाही, चकचकीत पांढरा धातू. फोटो पाठवले तर त्याचं उत्तर आलं की तुमच्या कूलंटच्या (लूपमध्ये भरायच्या लिक्विडच्या) बाटलीवर ॲल्युमिनियमसोबत वापरू नका असं लिहिलंय, मग वापरलं कशाला? मी विचारलं, फुल कॉपरच्या रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियम आलं कुठून? त्यावर थोडा वेळ गप्प, मग म्हणे रेडीमेड एआयओ (ऑल-इन-वन, सगळं जोडून-भरून मिळणाऱ्या) कूलरमध्ये पण तांब्याची प्लेट आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर असतो, ते चालतात ना. बऱ्याच एआयओमध्ये असतो हे खरं आहे, पण तो बंद लूप असतो आणि आतलं लिक्विड कंपनीने त्याच जोडीसाठी गंजरोधक घालून भरलेलं असतं, इथे तसं काही नाही. त्यानंतर उत्तरं बंद, आणि लिस्टिंगमधलं "फुल कॉपर" जाऊन तिथे "मेटल कोअर" आलं.

पैशाचं म्हणाल तर सामानाचे पैसे कार्डाने दिले होते म्हणून बँकेत वर्णनाप्रमाणे माल नाही असा डिस्प्यूट (पैसे परत मिळायची तक्रार) टाकलाय, चॅटमधलं "फुल कॉपर" आणि ते कूलंटवालं उत्तर दोन्ही जोडलंय, निकाल अजून यायचाय. प्लॅनिंगची फी त्याने साइटच्या बाहेर वेगळी ट्रान्सफर करून मागितली होती, तिचा साइटवर कुठेच रेकॉर्ड नाही, ते पैसे गेल्यात जमा. कोणी असे दोन भाग करून पैसे मागत असेल तर पुढे जाऊच नका.

रेडिएटर घेताना काट्यावर ठेवून वजन करा आणि त्याच मापाच्या नामांकित कंपनीच्या तांब्याच्या रेडिएटरचं वजन वेबसाइटवर असतं त्याच्याशी ताडून बघा, ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी आहे, त्यामुळे फरक लपत नाही. पोर्टच्या आट्यांवर जाऊ नका, फिनचा रंग खरवडून बघा, तेही लूप भरायच्या आधी, आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट ऑर्डर करायच्या दिवशीच काढून ठेवा.

ज्यांच्याकडे असा सेट आधीच लागलाय आणि एका कार्डाचं तापमान चढत चाललंय त्यांनी मशीन बंद करून पाणी काढा, ब्लॉक उघडा, मऊ ब्रश आणि डिस्टिल्ड वॉटरने फिन्स साफ होतात, माझे दोन्ही ब्लॉक वाचले. फक्त धुवायच्या आधी त्या गाळाचे फोटो नीट उजेडात काढा, बँक पहिलं तेच मागते.