धुरी दिलेली बरणी कोण धुतंय? दहा महिने ‘स्टार सॅन’ वापरल्यावर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीनशॉप आहे, त्यामुळे फॉस्फोरिक अॅसिड रोजच्या ओळखीचं. गंज काढायला, रंगाआधी लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवायला आम्ही तेच वापरतो. म्हणून ‘स्टार सॅन’च्या, म्हणजे घरी बिअर करणारे भांडी-बाटल्या जंतुमुक्त करायला वापरतात त्या द्रावाच्या, बाटलीवर घटकांत पहिलं नाव फॉस्फोरिक अॅसिडचं दिसलं आणि खाली ‘वापरल्यावर धुण्याची गरज नाही’ असंही दिसलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं. जे लोखंडाला लावतो ते बाटलीला लावायचं, आणि न धुता त्यात पिण्याची वस्तू भरायची?

आधी सांगतो, मी करतो ती आल्याची बिअर. आलं, साखर, लिंबू आणि आल्याच्याच सालीवरच्या यीस्टचं विरजण. पोरं आवडीने पितात. खरी बिअर घरी करायला परवान्याची भानगड, त्यात मी नाही. पण बाटल्या, नळी, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न घेणारं बूच), पाच लिटरची बरणी हे सगळं बिअर करणाऱ्यांसारखंच, आणि डोकेदुखीही तीच.

सुरुवातीला मी घरातलं ब्लीच वापरलं. स्वस्त, हाताशी असलेलं. बाटल्या नुसत्या निथळून भरल्या. तिसऱ्या दिवशी उघडली तर दवाखान्यातल्या पट्टीचा वास! बिअरवाल्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. ब्लीचमधलं क्लोरीन आणि फिनॉल गटातली द्रव्यं एकत्र आली की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि ते नखभर असलं तरी जिभेला कळतं. अमेरिकेच्या नियमांत भांडं नीट निथळलं असेल तर २०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २०० भाग) क्लोरीन न धुताही चालतं म्हणे. चालत असेल. चवीचं काय?

मग पुढच्या खेपेला ब्लीचनंतर बाटल्या तीन-तीनदा खळखळून धुतल्या. वास गेला, पण आठवड्यात वर पांढरी साय धरली. चूक कुठे झाली ते कळायला मला टाकीवर चढावं लागलं. आमच्या अनगोळात नळाला पाणी रोज येत नाही. येईल तेव्हा गच्चीवरच्या टाकीत साठवायचं. झाकणाची एक कड तुटलेली, आत तळाला गाळ, कडेला हिरवट बुळबुळीत थर. राकसकोपच्या जलाशयातून निघताना पाणी कितीही शुद्ध असू दे, माझ्या नळातून पडतं ते या टाकीतलं. म्हणजे ब्लीचने जंतू मारायचे आणि टाकीच्या पाण्याने दुसरे आत सोडायचे, असा माझा उद्योग चालला होता. उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलं असतं तर चाललं असतं, पण दहा बाटल्यांना तेवढं पाणी उकळून गार करत कोण बसणार?

तिथून स्टार सॅनकडे आलो. आठ औंसांची बाटली ऑनलाइन मागवली, आयात माल म्हणून कुरिअरसकट दोन हजारांच्या वर गेली. पार्सल आलं तेव्हा टोपणाशी ओलं होतं, आणि मी शहाण्याने ते तसंच स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. कडाप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. अॅसिड लागलं की संपलं. काळ्या ओट्यावर रुपयाएवढा पांढरा डाग पडला, तो पॉलिश करूनही गेलेला नाही. मूळ द्राव हाताळताना हातमोजे घाला आणि खाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा, एवढं त्या डागाने शिकवलं.

प्रमाण लिटरला साधारण दीड मिली. पाच लिटरला मी सिरिंजने आठ मिली घेतो. बाटली आतून सगळीकडून ओली झाली पाहिजे आणि एक-दोन मिनिटं ओलीच राहिली पाहिजे. मग उपडी करून निथळायची आणि भरायची. फेस भरपूर येतो, साबणाच्या पाण्यासारखा. पहिल्यांदा मी बाटली आपटून आपटून तो काढत होतो. गरज नसते. पेय ओतलं की फेस आपोआप वर येऊन तोंडातून बाहेर पडतो.

हे सगळं बघत आई दारात उभी होती.

“काय करालास रे? न धुताच भरालास?”

मी तिला pH (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) वगैरे सांगायच्या फंदात पडलो नाही. विचारलं, “आई, तू लोणच्याची बरणी कशी तयार करतेस?”

“धुवायची, उन्हात कडकडीत वाळवायची, निखाऱ्यावर हिंग टाकून वर उपडी घालायची.”

“आणि मग परत धुतेस?”

“धुरी दिल्यावर कोण धुतंय? धुवायचीच तर धुरी कशाला द्यायची?”

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, “पण हिंग खाता येतं. हे अॅसिड हाय.”

हे मात्र तिचं बरोबर, म्हणून हिशेब मांडला. तयार द्रावाच्या एका चमच्यात फॉस्फोरिक अॅसिड साधारण पाच मिलिग्रॅम. कोलाच्या एका ग्लासात याच्या कितीतरी पट असतं. बाटलीत राहिलेला चमचाभर द्राव पाऊण लिटर पेयात मिसळला की त्याची जंतू मारायची ताकदही संपते, कारण ही ताकद pH तीनच्या खाली असेपर्यंत आणि सोबतचं साबणासारखं द्रव्य पुरेसं असेपर्यंतच. विरजणाला त्रास झालेला मला दिसला नाही. मात्र तळाला डबकं ठेवून त्यात भरू नका, निथळायला आळस नको.

आता ज्यात बहुतेकांची फसगत होते ते. हे रसायन घाण काढत नाही. बाटलीत आल्याचा वाळलेला चोथा किंवा साखरेचा चिकटा असेल तर त्याखालचे जंतू सुखरूप राहतात. आधी गरम पाणी, ब्रश, धुण्याचा सोडा, आणि तो सोडा पूर्ण जाईपर्यंत पाणी. धुणं असतंच, पण ते आधी. टाकीचं पाणी तिथे चालतं, कारण शेवटचा हात स्टार सॅनचा. माझी एक प्लॅस्टिकची बादली आत ओरखडे पडल्यामुळे कितीही केलं तरी दगा द्यायची, ती शेवटी बागेत गेली.

पाण्यावर बरंच अवलंबून आहे. आमच्या बोअरच्या जड पाण्यात द्राव लगेच दुधाळ होतो आणि फार टिकत नाही. आरओच्या पाण्यात केलेला झाकणबंद डब्यात तीन-चार आठवडे स्वच्छ राहतो. मी अधूनमधून pH पट्टी बुडवतो, तीनच्या वर गेला की फेकून देतो. या हिशेबाने बाटलीतून दीडशे लिटर द्राव होतो, आणि माझी दहा महिन्यांत निम्मीही संपलेली नाही. दोन हजार ऐकून डोळे फिरतात, ते असं वाटून घेतलं की जरा जागेवर येतात.

हे आणि ब्लीच चुकूनही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो. माझ्याकडे आता ब्लीच गच्चीवर असतं, टाकी धुवायला.

आयोडोफोर, म्हणजे आयोडीनवालं जंतुनाशक, तेही बघितलं. १२.५ पीपीएमला तेही न धुता चालतं, रंग फिका पडला की संपलं हे दिसतं, ही मोठी सोय. पण माझी पारदर्शक नळी पिवळी पडली आणि घरात ती कोणाला बघवेना. महिन्यातून दोनच बाटल्या करणार असाल तर यातलं काहीच घेऊ नका, इडलीपात्रात थंड पाण्यापासून तापवत दहा मिनिटं वाफ द्या. काच गार असताना एकदम वाफेत टाकली तर तडकते.

पाचपैकी चार. एक गुण टोपणाचा कापला. ओट्यावरच्या डागावर आईने खलबत्ता ठेवलाय. तिच्या बरण्यांना मी अजून फेस लावू शकलेलो नाही, हिंगाचा डबा ती माझ्यापासून लांब ठेवते.