दुबईत राहून भारतीय पीसीसी : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

दुबईत नोकरी करत असताना भारताचे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला), मी गेल्या वर्षी जूनमध्ये काढायला घेतले. ते हाती आल्याला आता नऊ महिने झाले असून, या काळात ते दोन ठिकाणी दाखवण्याची वेळ आली. पैकी एका ठिकाणी ते चालले, दुसरीकडे चालले नाही.

कारण होते कॅनडाचे. एक्सप्रेस एंट्रीचे, म्हणजे तिथे कायमचे राहण्यासाठी अर्ज करण्याच्या योजनेचे, आमंत्रण आले की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात आणि मागील १० वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त राहिलो, त्या प्रत्येक देशाचे पोलीस प्रमाणपत्र जोडावे लागते. दुबई पोलिसांचे प्रमाणपत्र अॅपवरून अर्ज केल्यावर दोन दिवसांत ईमेलने आले. भारताच्या प्रमाणपत्रासाठी मात्र पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज भरून, त्याची प्रत, पासपोर्ट आणि इथल्या व्हिसाची प्रत घेऊन सेवा केंद्रात जावे लागले. तेथील काम तासाभरात आटोपले.

माझे पती आणि मी एकाच दिवशी, एकाच खिडकीवर अर्ज दिले. त्यांचे प्रमाणपत्र नवव्या दिवशी आले, माझ्या प्रमाणपत्राला ४३ दिवस लागले. त्यांचा पासपोर्ट दोन वर्षांपूर्वीच पुण्याहून, पोलीस पडताळणी होऊन, सध्याच्या पत्त्यावर निघालेला होता. माझ्या पासपोर्टचे नूतनीकरण दुबईतून झाले होते आणि पत्ता अजून माहेरचा, सातारा जिल्ह्यातील गावचा होता. अर्ज आपण परदेशात देतो, परंतु चौकशीचे कागद पासपोर्टवरील पत्त्याच्या पोलीस ठाण्यात जातात, ही गोष्ट मला आधी कळली असती तर मी आमंत्रणाची वाट न पाहता एप्रिलमध्येच अर्ज केला असता.

हवालदार गावी आले तेव्हा आई आणि आबा लोणंदपासून माउलींच्या पालखीसोबत चालत होते आणि घराला कुलूप होते. अर्जात मी माझा दुबईचा मोबाइल क्रमांक दिलेला असल्याने त्यांना फोनही लावता आला नाही. पोर्टलवर स्थिती तीन आठवडे तशीच दिसत राहिली. अखेरीस चुलतभावाने पोलीस पाटलांना गाठले, पाटलांनी ठाण्यात निरोप दिला आणि आषाढी झाल्यावर हवालदार पुन्हा आले. आईने सांगितले की ते ओट्यावर बसून नीट विचारपूस करत होते: मुलगी किती वर्षे तिकडे आहे, लग्न करून कुठे दिली, गावात येणे-जाणे असते का. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर असल्याने रेशनकार्डही दाखवावे लागले. ते माणूस म्हणून चांगले वागले, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. कॅनडाचा अर्ज मी ५४व्या दिवशी सादर केला. ते सहा आठवडे कसे गेले, हे घरच्यांनाच माहीत.

दरम्यान गावाकडून सल्ला आला होता की जिल्हा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून पाठवू का. तो दाखला आणि परदेशी व्हिसासाठी भारतीय दूतावास किंवा पासपोर्ट कार्यालय देते ती पीसीसी, हे दोन वेगळे कागद आहेत. त्यामुळे मी नको म्हटले.

प्रमाणपत्र म्हणजे एकच पान. त्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि कोणत्या देशासाठी ते दिले आहे ते लिहिलेले असते. माझ्या प्रमाणपत्रावर ‘कॅनडा’ असे होते. कॅनडाकडून त्यावर आजवर कोणतीही शंका आली नाही. डिसेंबरमध्ये तीन आठवडे गावी जाऊन आल्यावर ते बाद होते की काय, अशी मला धास्ती होती. पण सध्या आपण राहत नाही त्या देशाचे प्रमाणपत्र तिथल्या शेवटच्या सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर काढलेले असले की पुरते, असा त्यांचा नियम आहे. सुट्टीतल्या भेटीने काही बिघडत नाही. आपण सध्या राहतो त्या देशाचे प्रमाणपत्र मात्र अर्जाच्या वेळी सहा महिन्यांच्या आतले असावे लागते. म्हणून दुबईचे शेवटी काढावे आणि भारताचे सर्वांत आधी, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

फेब्रुवारीत दुबईतच नवी नोकरी मिळाली आणि तिथेही मायदेशाची पीसीसी मागितली. मी हीच पुढे केली, परंतु त्यावर कॅनडाचे नाव असल्याने नवी आणायला सांगितले. दुसऱ्या अर्जात मी चुलतभावाचा क्रमांक दिला, आबांना रेशनकार्डाची झेरॉक्स काढून ठेवायला सांगितली आणि पोलीस पाटलांना आधीच कळवले. या वेळी हवालदार आले तेव्हा आबा घरीच होते, आणि १७व्या दिवशी प्रमाणपत्र माझ्या हातात होते.