कोकणकन्या की तुतारी? रत्नागिरीहून एकटीनं मुंबई

गुरुवारी सकाळी चहा पिताना मनात आलं की या शनिवार-रविवारी मुंबईला जाऊन यावं, एकटीनंच, तर अजून उशीर झालेला नसतो. शुक्रवार रात्रीच्या गाडीचं तत्काळ आरक्षण गुरुवारी उघडतं, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. ऑनलाइन काढायचं तर आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं हवं. मग उरतो एकच प्रश्न, कोकणकन्या की तुतारी?

दोन्ही गाड्या रत्नागिरीहून रात्री सुटतात आणि झोपेत मुंबई गाठतात. बहुतेकजण कुठल्या गाडीला सीट दिसते ते बघून ठरवतात. मी अशी आयत्या वेळी बऱ्याचदा गेले आहे, आणि माझ्या मते आधी ठरवायचं ते हे की सकाळी चालायला कुठे सुरुवात करायची, फोर्टात की दादरला.

कोकणकन्या पावणेसहाच्या सुमाराला सीएसएमटीला लागते. थंडीत तेव्हा चांगलाच काळोख असतो. लगेच बाहेर पडू नका. बायकांच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, कपडे बदला, बॅग क्लोक रूममध्ये टाका. बॅगेला कुलूप लागतं, तेव्हा छोटं कुलूप घरूनच न्या. उजाडलं की निघा. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून हुतात्मा चौक, तिथून हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या. हे सगळं पायीच होतं, आणि शनिवारी त्या वेळी फुटपाथ तुमचाच असतो. पुढे ओव्हल मैदान. एका अंगाला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या अंगाला आर्ट डेकोच्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती. हे दोन्ही मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. मधे पोरं क्रिकेट खेळत असतात. मी तिथे कठड्यापाशी अर्धा तास नुसती उभी राहते. सोबत कोणी असतं तर पंधरा मिनिटांत ‘चला’ झालं असतं.

भूक लागली की धोबीतलावचं कयानी. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवून खायचा. एकटी बाई बसली म्हणून कोणी वळून बघत नाही. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी, की दुपार कधी झाली कळत नाही.

तुतारी कोकणकन्येनंतर पोचते आणि दादरला संपते. थंडीतही तोवर उजाडायला आलेलं असतं. एकटीनं पहिल्यांदाच जाणारीला हा फरक मोठा आहे. शिवाय ती सावर्डा, आरवली रोडसारख्या लहान स्टेशनांवर थांबते, म्हणजे तिकडच्या माणसाला रात्री रत्नागिरी किंवा चिपळूण गाठायची धावपळ नको.

पश्चिमेला उतरलात की समोरच फूलबाजार. ओल्या गोणपाटांवर झेंडूचे ढीग, शेवंती, टोपलीतून डोकावणारे मोगऱ्याचे कळे, आणि त्यातून वाट काढत डोक्यावर भारा घेऊन ‘बाजू, बाजू’ ओरडत जाणारा हमाल. मी दरवेळी एक गजरा घेते आणि तो दिवसभर पिशवीत सुकत राहतो. मग मामा काणेंकडे बटाटावडा किंवा आस्वादमध्ये मिसळ, आयडियलमध्ये पुस्तकं चाळणं, संध्याकाळी शिवाजी पार्कचा कट्टा. आणि शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक. एकट्या माणसाला हा खरा फायदा आहे. चौघांना सलग जागा मिळत नाहीत, पण पुढच्या रांगेतली एखादी सुटी खुर्ची आयत्या वेळीही मिळून जाते.

दादरची अडचण एकच, ओळखीची माणसं भेटतात. कोकणातला माणूस मुंबईला जातो तो लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर आत्याकडे फणसपोळी पोचवायला. रिकाम्या हातानं, कुणालाही न कळवता आपण रस्त्यावर दिसलो तर वाईट वाटून घेणारी माणसं आहेत. मी परत आल्यावर फोन करून सांगते. आधी सांगितलं की मुक्काम त्यांच्याकडे आणि वेळही त्यांचीच.

मुक्कामाला फोर्टात मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाऊस आहे. दादरला लॉज पुष्कळ, पण खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलवर मेगाब्लॉक असतो, तो शनिवारीच बघून ठेवा.

आता परतीचं, कारण इथे माझी एकदा चांगलीच फसगत झाली आहे. कोकणकन्या रविवारी रात्री ११.०५ ला सीएसएमटीहून सुटते. तुतारी दादरहून सुटते ००.०५ ला, म्हणजे आपल्या लेखी रविवारची रात्र, पण तिकिटावर तारीख सोमवारची. मी रविवारची तारीख टाकून बसले होते. स्टेशनवर पोचले तेव्हा माझी गाडी आदल्याच रात्री गेलेली होती. ती रात्र बाकड्यावर बसून काढली. याच हिशेबानं परतीचं तत्काळ तुतारीला रविवारी उघडतं आणि कोकणकन्येला शनिवारी. वेटिंगवर राहिलात तर स्लीपरमध्ये चढता येत नाही. मग एसटी. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण महामार्गावर पाठ किती शेकून निघेल याचा भरवसा नाही. पावसाळ्यात रेल्वेचंही वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालतात, तेव्हा वेळा नव्यानं बघा.

पहिल्यांदाच एकटी निघाली असाल तर जाताना तुतारी घ्या. मुंबई थोडी पायाखालची असेल तर कोकणकन्येनं जा आणि तुतारीनं परत या. रविवारचं रात्रीचं नाटक अकराच्या पुढे सुटलं तरी शिवाजी मंदिरपासून दादर स्टेशन चालत गाठता येतं. सकाळी रत्नागिरीला उतरलात की थेट कामावर जायचं असेल, तर एक इस्त्रीचा ड्रेस बॅगेत सगळ्यात वर ठेवा.