काटा खोटा की इंजिन खरंच तापलंय: स्कॅनर की इन्फ्रारेड गन?

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात, पण बॉनेट उघडलं तर ना वाफ, ना उकळी. अशा वेळी कशावर विश्वास ठेवायचा?

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून त्यातले आकडे वाचणारं यंत्र) कूलंट सेन्सरचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा थेट अंशांत दाखवतो. रात्रभर उभ्या गाडीत तो बाहेरच्या हवेइतकाच हवा. तिथेच 30-40 अंशांची तफावत दिसली, तर सेन्सर किंवा वायरिंगच बिघडलंय. पण सेन्सर चुकला की स्कॅनरही चुकतो.

इन्फ्रारेड गन, म्हणजे न टेकवता पृष्ठभागाचं तापमान मोजणारं यंत्र, सेन्सरवर विसंबत नाही. थर्मोस्टॅट हाउसिंगवर (कूलंटचा प्रवाह उघड-बंद करणाऱ्या झडपेच्या कवचावर) धरायची. चकचकीत धातूवर मात्र ती फसते, आकडा कमी दाखवते. म्हणून इंजिन थंड असतानाच तिथे काळी टेप चिकटवा.

ओबीडी नसलेल्या जुन्या गाडीला गनच. नव्या गाडीला आधी स्कॅनर; सेन्सरवरच संशय असेल तर दोन्ही.