क्लासची सर्व्हिस: तीन स्टार, त्यातले दोन टँकमधे उतरलेल्या पोराचे

क्लास सोसायटी म्हणजे जहाज तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था. तिचा रिव्ह्यू कोण लिहितं असं बायको म्हणाली, पण लोक मिसळीच्या रश्श्यावर पानभर लिहितात मग ज्याच्या सहीवर आम्ही बावीस जण समुद्रात जातो त्याच्यावर का नको. सोसायटीचं नाव सांगत नाही, मोठ्यांपैकी एक आहे, आयएसीएस या अशा सोसायट्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मेंबर, एवढं पुरे. मी बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ इंजिनिअर.

जहाजावर नसलेल्यांसाठी पटकन सांगतो. जहाजावर झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा, आणि सोलास (सुरक्षा), मार्पोल (प्रदूषण), लोडलाईन (जहाज किती भरायचं) हे नियम पाळले जातायत का हे बघायची जबाबदारी त्या झेंड्याच्या देशाची. पण प्रत्येक बंदरात माणसं ठेवणं त्यांना परवडणारं नाही, लायबेरियाची तर रजिस्ट्रीच अमेरिकेत व्हर्जिनियातून चालते, म्हणून ते काम क्लासकडे. म्हणजे क्लास स्वतःच्या नियमांनी हल म्हणजे जहाजाचा सांगाडा आणि मशिनरी तपासणार, वर फ्लॅगच्या, म्हणजे त्या झेंड्याच्या देशाच्या वतीने सरकारी सर्टिफिकेटं पण तेच देणार. क्लास गेला तर विमा गेला, विमा गेला की कार्गो कोण देतंय.

आता गंमत अशी की हे सगळं १७६० साली लंडनला लॉईडच्या कॉफी हाऊसमधल्या विमावाल्यांनी नि व्यापाऱ्यांनी सुरू केलं, तेव्हा पैसा ज्याचा बुडणार तोच जहाज कसंय ते बघायचा. आज सर्व्हेचं बिल जहाजाचा मालक भरतो. परीक्षेची फी पोराने भरायची आणि निकाल आवडला नाही तर बोर्ड बदलायचं, तसलं प्रकरण. आता क्लास बदलायचा तर जुन्याकडचं पेंडिंग आधी निपटावं लागतं, पण ग्राहक तुटेल ही धास्ती असतेच.

माझा अनुभव. मागच्या वर्षीचा अ‍ॅन्युअल, म्हणजे दरवर्षीचा सर्व्हे. सर्व्हेअर साहेब अकराला गँगवे चढले, शिप्स ऑफिसात बसले, कुकने गरम भजी आणली, फाईल चाळली, इमर्जन्सी फायर पंप चालू करून दाखव म्हणाले, लाईफबोट डेकवरूनच बघितली. आधीच्या रिपोर्टात तीन नंबर पोर्ट टॉपसाइड टँकचं (डाव्या बाजूची वरची बॅलास्ट टाकी, जहाज तोलायला समुद्राचं पाणी भरतात ती) आतलं रंगाचं कोटिंग खराब, दरवर्षी आतून बघायचं असं स्वच्छ लिहिलेलं. मेटने, म्हणजे डेकवरच्या ऑफिसरने, मॅनहोल उघडून आत ताजी हवा खेळवून ठेवलेली. साहेबांनी वरूनच टॉर्च मारला, "ठीक दिसतंय", अडीच तासात शिक्का मारून खाली. खरं सांगतो, मलाही बरंच वाटलं, कारण प्युरिफायर, म्हणजे तेल साफ करायचं मशीन, खोलून ठेवला होता आणि ते काम राहिलेलं.

यंदा ड्राय डॉकला पाच वर्षांचा स्पेशल सर्व्हे, त्याच सोसायटीचा दुसरा सर्व्हेअर आला, तिशीचा असेल, बॉयलर सूट घालूनच आला आणि चहा नको म्हणाला. गॅस मीटर लावून त्याच टँकमधे, मी मागे. गुडघाभर चिखल. हातोडीने एकेक ब्रॅकेट (आधाराचा पत्रा) ठोकत चाललेला, टण टण येत होतं आणि एका ठिकाणी थप्प. खपली पापडासारखी निघाली. गेजिंगवाल्याने, म्हणजे स्टीलची जाडी मोजणाऱ्याने, जेल लावून मीटर टेकवला, मूळ १२ मिलीमीटर, उरलेलं ८.१. म्हणजे तिसरा हिस्सा गेला आणि आदल्या वर्षी हेच "ठीक दिसतंय".

आमचा सुप्रिटेंडंट, म्हणजे कंपनीचा माणूस, लगेच म्हणे कंडिशन ऑफ क्लास दे (अमुक मुदतीत दुरुस्त करायची अट), सहा महिन्यात करून घेतो. पोरगा म्हणाला स्टील आत्ताच कापायचं. तीन दिवस डॉक वाढला, सुप्रिटेंडंट अजून माझ्याशी नीट बोलत नाही, जसं काय मीच गंज लावला.

टँकच्या गंजाला हसू नका. एरिका टँकर डिसेंबर १९९९ मधे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर मधोमध मोडला, माल्टाचा झेंडा, रिना या इटालियन सोसायटीचा क्लास, क्रू आपला भारतीय, सगळे वाचले नशिबाने. आतले बॅलास्ट टँक गंजलेले. आदल्याच महिन्यात सर्व्हे झालेला, कागद व्हॅलिड. फ्रान्सच्या वरच्या कोर्टाने २०१२ ला क्लासवरचीही शिक्षा कायम केली. झेंड्याला कोणी विचारलं का ते तुम्हीच बघा. आमच्या डॉकच्या वेळी फ्लॅगचं एकूण योगदान म्हणजे एका मुदतवाढीला दोन ओळींचा मेल.

बाकी ऑनलाईन पोर्टल चांगलंय, कुठला सर्व्हे कधी ड्यू ते झटकन दिसतं, त्याचा एक स्टार. रविवारच्या सर्व्हेचा रेट बघून मात्र डोळे फिरतात.

त्या कापलेल्या ब्रॅकेटचा तळहाताएवढा तुकडा मी ठेवून घेतलाय, कंट्रोल रूममधे पेपरवेट म्हणून. पुढच्या अ‍ॅन्युअलला ते भजीवाले साहेब आले तर शिप्स ऑफिसात नेऊन चहाच्या कपाशेजारीच ठेवणारे.